पाच ठिकाणच्या ठेवी, एक विवरणपत्र: व्याजाचे दाखले जमवण्याचे एक प्रकरण

कराडला राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या 67 वर्षांच्या एका बाईंच्या आर्थिक वर्ष 2024-25 च्या विवरणपत्राचे हे प्रकरण आहे. नाव आणि बँका सांगितलेल्या नाहीत, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सरळ केले आहेत. अडचणी मात्र जशा येतात तशाच आहेत. ठेवींवर घर चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाच्या कागदपत्रांत यांपैकी दोन-तीन तरी सापडतात.

बाईंचे पेन्शन महिना 45,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 5,40,000. त्यावर कर कापला गेला नव्हता. पतीचे निधन जानेवारी 2024 मध्ये झाले. तोवर बँकेचे सगळे व्यवहार तेच बघत. जून 2025 मध्ये पुण्यातल्या मुलाने आयकर पोर्टल उघडले, तेव्हा व्याजाचे आकडे आपोआप भरून आलेले होते: एकूण 1,49,327 रुपये. बेरीज जुळत होती, कर शून्य येत होता, थोडा परतावाही दिसत होता. तेवढ्यावर विवरणपत्र भरले असते, तर 86,712 रुपयांचे व्याज दाखवायचे राहिले असते आणि 6,400 रुपयांचा कापलेला कर हातचा गेला असता.

पोर्टलवरचे आकडे वार्षिक माहिती विवरणातून, म्हणजे एआयएसमधून येतात. बँका, पोस्ट आणि ठेवी स्वीकारणाऱ्या वित्त कंपन्या दरवर्षी 31 मेपर्यंत कोणाला किती व्याज दिले हे आयकर खात्याला कळवतात. एआयएसमध्ये ही नोंद एसएफटी-016 या सांकेतिक क्रमांकाखाली दिसते: बचत खात्याची वेगळी, मुदत ठेवीची वेगळी, आवर्ती ठेवीची वेगळी. त्यामुळे मेअखेरच्या आधी एआयएस पाहून विवरणपत्र भरायला बसू नये, कारण ते तेव्हा अर्धवट असते. आणि मे उलटला तरी त्यात फक्त तेच येते, जे कळवण्याची एखाद्या संस्थेवर सक्ती आहे आणि जे त्या संस्थेने तुमच्याच पॅनवर कळवले आहे. बाईंच्या बाबतीत या दोन्ही जागी गळती होती.

म्हणून काम पोर्टलपासून सुरू न करता कपाटापासून सुरू केले. घरातली सगळी पासबुके, ठेव पावत्या आणि पोस्टाची पुस्तके बाहेर काढून एका कागदावर यादी केली: संस्था, शाखा, खाते किंवा पावती क्रमांक, पहिले नाव कोणाचे, पॅन नोंदलेला आहे का. पाच ठिकाणे निघाली. मुलाला त्यातली तीनच माहीत होती.

पहिले ठिकाण पेन्शन जमा होणारी राष्ट्रीयीकृत बँक. तिथे बचत खाते, तिमाही व्याज देणारी 5 लाखांची मुदत ठेव आणि व्याज मुद्दलात मिळत जाणारी 3 लाखांची पुनर्गुंतवणूक ठेव. दोन्ही ठेवी 7 टक्क्यांच्या. बाईंना नेट बँकिंग जमत नव्हते, म्हणून शाखेत अर्ज दिला. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहायच्या असतात. कालावधी 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025. ग्राहक क्रमांकाखालची सर्व ठेव खाती, चालू असलेली आणि वर्षभरात बंद झालेलीही. आणि हवा आहे तो ‘ठेवींवरील व्याजाचा दाखला’. नुसता ‘इंटरेस्ट सर्टिफिकेट द्या’ असे तोंडी सांगितले की काउंटरवरून कधी कर्जावरच्या व्याजाचा दाखला हातात पडतो, कधी शिल्लक रकमेचा, तर कधी फॉर्म 16ए. 16ए हा टीडीएसचा, म्हणजे व्याज देतानाच कापून घेतलेल्या कराचा, दाखला आहे. कर कापला तरच तो निघतो, आणि बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस होतच नसल्याने ते व्याज त्यात कधीच नसते.

दाखला का हवा, पासबुक का पुरत नाही, हे याच बँकेच्या दोन ठेवींवरून नीट दिसते. पाच लाखांच्या ठेवीचे तिमाही व्याज 8,750. पण पासबुकात जमा ओळ 7,875 ची होती, कारण 875 रुपये टीडीएस वजा करूनच रक्कम खात्यात आली होती. अशा चार ओळींची बेरीज 31,500 होते. विवरणपत्रात मात्र 35,000 दाखवायचे असतात आणि कापलेले 3,500 कर भरल्याच्या रकान्यात येतात. हातात आलेली रक्कम म्हणजेच उत्पन्न, असे धरणारे लोक फार आहेत. मग 26एएसमध्ये, म्हणजे पॅनवर नोंदलेल्या टीडीएसच्या आयकर खात्याकडच्या विवरणात, 35,000 आणि विवरणपत्रात 31,500 अशी तफावत राहते.

दुसऱ्या ठेवीचे व्याज तर पासबुकात उमटतच नाही. पुनर्गुंतवणूक ठेवीचे व्याज दर तिमाहीला मुद्दलात चढते आणि मुदत संपेपर्यंत बचत खात्यात काही येत नाही. बँक मात्र ते दरवर्षी ‘देय व्याज’ म्हणून नोंदवते, त्यावर टीडीएस कापते आणि खात्याला कळवते. बाईंच्या ठेवीचे हे दुसरे वर्ष. पहिल्या वर्षाअखेर मुद्दल 3,21,558 झाले होते, त्यामुळे 2024-25 चे व्याज 23,107 आले. ‘पैसे हातात येतील त्या वर्षी दाखवू’ असे म्हटले तर टीडीएस एका वर्षात आणि उत्पन्न दुसऱ्याच वर्षात, असा घोळ होतो. शिवाय मुदत संपेल त्या वर्षी सगळे व्याज एकदम अंगावर येते. म्हणून अशा ठेवीचे व्याज दरवर्षीच्या दाखल्याप्रमाणे दरवर्षी दाखवणे हीच सुरळीत पद्धत. एकदा धरली की ती मध्येच बदलू नये. जुन्या वर्षांचे दाखले नसले, तर ते आताच मागून ठेवावेत. ठेव मुदतीआधी मोडली तर बँक कमी दराने हिशेब करून आधी दाखवलेले जास्तीचे व्याज परत घेते, आणि तेव्हा ते दाखले नसले तर काहीच पटवून देता येत नाही.

या बँकेचा दाखला असा आला: बचत व्याज 5,940, मुदत ठेवींचे 58,107, टीडीएस 5,811. एआयएसशी तो जुळला. एक मात्र सांभाळावे लागले. मुदत ठेवीचे 58,107 एआयएसमध्ये दोनदा दिसत होते, एकदा कलम 194ए च्या टीडीएसच्या नोंदीत आणि एकदा एसएफटी-016 मध्ये. एआयएससोबतच्या करदाता माहिती सारांशात सहसा अशी दुहेरी नोंद एकदाच धरली जाते. पण एआयएसमधल्या सगळ्या ओळींची हाताने बेरीज करणारा इथे हमखास चुकतो. दाखल्यावरची रक्कम हाच निकष ठेवावा.

दुसरे पासबुक याच बँकेचे होते, पण घरच्यांच्या लेखी ते ‘दुसऱ्या बँकेचे’ होते. ज्या बँकेत ते उघडले होते, ती एप्रिल 2020 च्या विलीनीकरणात या मोठ्या बँकेत गेली. पासबुकावरचे नाव बदलले, आयएफएससी बदलला, पण ग्राहक क्रमांक वेगळाच राहिला. दोन्ही पासबुकांचे पहिले पान शेजारी ठेवून सीआयएफ, म्हणजे ग्राहक क्रमांक, वाचले, तेव्हा हे उघड झाले. दाखला पहिल्या सीआयएफवरचा असल्याने त्यात ही खाती आली नव्हती. जुन्या सीआयएफला पॅनही जोडलेला नव्हता, त्यामुळे एआयएसमध्येही काही नव्हते. तिथे बचत व्याज 1,312 आणि 50,000 च्या ठेवीचे व्याज 3,400 निघाले. रक्कम छोटी, पण दुरुस्ती आवश्यक: पॅन, आधार आणि दोन्ही पासबुकांच्या प्रतींसह सीआयएफ एकत्र करण्याचा अर्ज. टीडीएसची मर्यादा बँकेच्या सर्व शाखा मिळून मोजली जाते. पॅन नसलेल्या सीआयएफवर ती ओलांडली गेली, तर 10 ऐवजी 20 टक्के कर कापला जातो आणि तो 26एएसमध्ये दिसत नसल्याने परत मागताही येत नाही.

हे पासबुक वर्षभर छापून घेतले नव्हते. बऱ्याच दिवसांनी छापायला नेले की काही बँकांत मधल्या नोंदी एकत्र करून एकच जमा आणि एकच नावे ओळ छापली जाते, आणि तिमाही व्याज त्यात विरून जाते. अशा वेळी पासबुक बाजूला ठेवून पूर्ण वर्षाचा खातेउतारा मागावा.

तिसरे ठिकाण नागरी सहकारी बँक, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. पती-पत्नीच्या नावे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीची 8 लाखांची ठेव होती. दर 8 टक्के, व्याज तिमाही, पहिले नाव पतीचे. त्यांच्या निधनानंतर व्याज बाईंच्या खात्यात जमा होत राहिले, म्हणून कोणाला काही बदलावेसे वाटले नाही. बँकेकडे मृत्यूचा दाखला गेलाच नव्हता. परिणामी वर्षभराचे 64,000 रुपये व्याज आणि त्यावरचा 6,400 रुपये टीडीएस दिवंगत पतीच्या पॅनवर नोंदला गेला. बाईंच्या एआयएसमध्ये या ठेवीचा मागमूस नव्हता.

उत्पन्न मात्र बाईंचे होते. मृत्युपत्राप्रमाणे रक्कम त्यांच्याकडे आली होती आणि 1 एप्रिल 2024 नंतरचे सगळे व्याज त्यांचेच. ते दाखवायचेच होते, प्रश्न होता तो टीडीएस त्यांच्या नावावर आणण्याचा. त्यासाठी आयकर नियम 37बीए मध्ये तरतूद आहे. उत्पन्न दुसऱ्या व्यक्तीच्या हाती करपात्र असेल, तर ज्याच्या पॅनवर कर कापला गेला आहे त्याच्या वतीने बँकेला तसे लेखी निवेदन द्यायचे. त्यात त्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता, पॅन, कोणती रक्कम आणि तिच्याकडे श्रेय का द्यावे याचे कारण लिहायचे. मग बँक टीडीएस विवरणात दुरुस्ती करून नव्या पॅनवर 16ए देते. इथे निवेदन वारस म्हणून बाईंनी केले. अर्जाचा मुख्य भाग असा होता:

‘आपल्या शाखेतील सोबतच्या ठेव पावतीचे प्रथम धारक माझे पती यांचे जानेवारी 2024 मध्ये निधन झाले आहे. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत व माझ्या पॅनची प्रत जोडली आहे. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळातील व्याज रु. 64,000 माझे उत्पन्न असून त्यावर कापलेला कर रु. 6,400 त्यांच्या पॅनवर नोंदला गेला आहे. आयकर नियम 37बीए नुसार चारही तिमाहींच्या टीडीएस विवरणांत दुरुस्ती करून माझ्या पॅनवर फॉर्म 16ए द्यावा, तसेच ठेवीतून त्यांचे नाव कमी करून व्याजाचा दाखला माझ्या नावे द्यावा.’

‘चारही तिमाहींच्या’ हे शब्द मुद्दाम आहेत. टीडीएस विवरण तिमाही असते आणि दुरुस्तीही तिमाहीनिहायच करावी लागते. शेवटच्या तिमाहीची दुरुस्ती करून काम झाले असे शाखेला वाटते, आणि 26एएसमध्ये 6,400 ऐवजी 1,600 रुपयेच उतरतात. इथेही आधी तसेच झाले. दुसरी गोष्ट म्हणजे टीडीएसचे काम शाखेत होत नाही, मुख्य कार्यालयात होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतली, आणि एक प्रत थेट मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. शिक्क्याची प्रत महत्त्वाची, कारण बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते आणि ते 30 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. या योजनेत 50 कोटी किंवा अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकाही येतात. इथे तिथवर जावे लागले नाही. दुरुस्त झालेल्या चारही नोंदी ऑगस्टअखेर बाईंच्या 26एएसमध्ये दिसल्या.

या वर्षाचे विवरणपत्र भरण्याची मुदत मुळात 31 जुलै 2025 होती, ती वाढून 15 सप्टेंबर आणि ऐन वेळी 16 सप्टेंबर झाली. ही मुदतवाढ मिळाली म्हणून दुरुस्तीची वाट पाहता आली. ती नसती तर विवरणपत्रात 64,000 चे उत्पन्न दाखवून वेळेत भरणे आणि टीडीएसचे श्रेय नंतर 31 डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्राने मागणे, हा रास्त मार्ग होता. श्रेय मिळेपर्यंत उत्पन्नच दाखवायचे नाही, हा मार्ग नव्हे.

चौथे ठिकाण पतसंस्था. 2 लाखांची ठेव, 9 टक्के, दरमहा 1,500 रुपये व्याज, वर्षाचे 18,000. हे ना 26एएसमध्ये, ना एआयएसमध्ये. त्यात कोणाची चूक नाही. पतसंस्था ही बँक नसलेली सहकारी संस्था आहे. फार मोठी उलाढाल असलेल्या संस्था सोडल्या तर सभासदाला दिलेल्या व्याजावर तिला टीडीएस कापावा लागत नाही, आणि व्याजाचे एसएफटी विवरण देण्याची सक्ती बँका, पोस्ट व वित्त कंपन्यांवर आहे, पतसंस्थांवर नाही. ‘टीडीएस नाही म्हणजे कर नाही’ हा गावोगावी पसरलेला समज इथूनच येतो. व्याज पूर्णपणे करपात्र आहे. सचिवांकडून लेटरहेडवर दाखला घेतला. पहिल्या दाखल्यात ‘व्याज नियमित दिले जाते’ एवढेच वाक्य होते, तो परत करून पावती क्रमांक, कालावधी, दर आणि 18,000 हा आकडा लिहून शिक्क्यासह नवा घेतला. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना कलम 80टीटीबी खाली ठेवींच्या व्याजावर 50,000 पर्यंत वजावट मिळते, पण ती बँक, सहकारी बँक आणि पोस्ट यांच्या व्याजावर. पतसंस्थेचे व्याज त्यात धरू नये.

पाचवे ठिकाण पोस्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 10 लाख, दर 8.2 टक्के, तिमाही 20,500. हे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी देय होते. पोस्टाच्या पासबुकातल्या ओळी 1 एप्रिल 2024 पासून एप्रिल 2025 पर्यंत सरळ मोजल्या तर पाच भरतात आणि बेरीज 1,02,500 होते. वर्षात असतात त्या चारच: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर 2024 आणि जानेवारी 2025. एप्रिल 2025 ची ओळ पुढच्या वर्षाची. मुलाच्या पहिल्या तक्त्यात पाचही होत्या. खरी रक्कम 82,000 आणि टीडीएस 8,200.

पोस्टाच्या बचत खात्याचे व्याज वर्षातून एकदा, मार्चअखेर जमा होते. ते 2,860 होते. त्यावर कलम 10(15) खाली एकट्या खात्याला 3,500 आणि संयुक्त खात्याला 7,000 रुपयांपर्यंत सूट आहे, आणि ही सूट नव्या करप्रणालीतही टिकून आहे. पोर्टल ते माहीत असल्यासारखे वागत नाही. सगळ्या बचत व्याजाची एकच बेरीज करून करपात्र रकान्यात टाकते. तिथून 2,860 कमी करून ती रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या भागात दाखवावी लागली.

याशिवाय आधीच्या वर्षीच्या आयकर परताव्यावर 420 रुपये व्याज मिळाले होते. तेही करपात्र, आणि त्याला 80टीटीबी लागू नाही.

सगळे मिळून हिशेब असा झाला:

पेन्शन 5,40,000, वजा प्रमाणित वजावट 75,000 = 4,65,000
राष्ट्रीयीकृत बँक, पहिला सीआयएफ: 64,047
तीच बँक, जुना सीआयएफ: 4,712
नागरी सहकारी बँक: 64,000
पतसंस्था: 18,000
ज्येष्ठ नागरिक बचत योजना: 82,000
परताव्यावरचे व्याज: 420
करपात्र व्याज एकूण 2,33,179
एकूण उत्पन्न 6,98,179, पूर्णांकात 6,98,180

नव्या करप्रणालीत त्या वर्षी 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए ची पूर्ण सूट होती. कर 19,909 निघाला आणि ही सूट मिळून शून्य झाला. टीडीएसचे 5,811, 6,400 आणि 8,200 मिळून 20,411 रुपये परत मिळण्यास पात्र ठरले. जुन्या प्रणालीत 80टीटीबी चे 50,000 वजा करूनही सेससह 46,421 रुपये कर आला असता, तेव्हा निवड सोपी होती.

पण मर्यादेपासूनचे अंतर पाहा: 1,820 रुपये. पोस्टाच्या बचत व्याजाची सूट घेतली नसती, तर उत्पन्न 7,01,040 होऊन सीमांत सवलतीनंतर, म्हणजे कर मर्यादेवरच्या रकमेइतकाच धरून, सेससह 1,082 रुपये कर बसला असता. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या पाच तिमाही धरल्या असत्या, तर उत्पन्न 7,18,680 आणि कर 19,427. म्हणजे जवळजवळ सगळा परतावा एका ओळीत गेला असता, आणि तोही न झालेल्या उत्पन्नावर. दाखले मागण्याचा खटाटोप केवळ नोटीस टाळण्यासाठी असतो असे अनेकांना वाटते. या प्रकरणात जास्तीचा कर लागण्याचा धोकाही तितकाच होता.

विवरणपत्र आयटीआर-1 मध्ये सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरून त्याच दिवशी आधार ओटीपीने पडताळले. पडताळणीला 30 दिवस मिळतात, पण ती विसरली तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. विवरणपत्रासोबत दाखले जोडायचे नसतात, पाचही ठिकाणचे दाखले, शिक्क्याचा अर्ज आणि यादीचा कागद एका फाइलमध्ये ठेवले. मुलाला वारस म्हणून वडिलांच्या पॅनवर पोर्टलवर नोंदणी करण्यासही सांगितले. एप्रिल 2023 ते जानेवारी 2024 या काळाचे त्यांचे विवरणपत्र भरले गेले होते का, हे तपासणे बाकी होते.

2025-26 पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा 50,000 वरून 1 लाख झाली आहे, प्रत्येक बँकेसाठी आणि पोस्टासाठी वेगवेगळी. बाईंच्या एकाही ठिकाणचे व्याज तेवढे नाही. म्हणजे टीडीएसच्या नोंदी रिकाम्या राहतील, 16ए कुठूनच मिळणार नाही आणि व्याजाचा पुरावा म्हणून दाखलेच उरतील. एआयएसमध्ये बँका आणि पोस्टाचे व्याज दिसत राहील, पतसंस्थेचे दिसणार नाही. नागरी सहकारी बँकेच्या ठेवीवर आता पहिले नाव बाईंचे आहे, जुना सीआयएफ मोठ्या सीआयएफमध्ये मिळवला आहे, आणि पतसंस्थेच्या सचिवांना एप्रिलमध्येच दाखला देण्याचे पत्र देऊन ठेवले आहे.